सतरंजी तीच, आसन नवं

'मॅडम, तुम्ही आजकाल उलटं नाही होत का वो?'

कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या घोळक्यातल्या एकीनं परवा मला रस्त्यात थांबवून विचारलं. मला हसू आलं. गावात माझी ओळखच तशी होती. सकाळी अंगणात सतरंजी टाकून मी शीर्षासन करायची आणि कुंपणावरून शेजारची पोट्टे डोकावून मोजायची, 'साठ, एकसष्ट, बासष्ट...' शाळेत मला 'उलट्या मॅडम' म्हणतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

'नाही वो,' मी तिला म्हटलं. 'आता सुलटंच उभी राहायला शिकून राहिली.'

तिला ती गंमत वाटली. पण मैत्रिणींनो, ते अगदी खरं होतं. एकसष्टाव्या वर्षी मी नव्यानं उभं राहायला शिकते आहे. कसं, तेच आज सांगायचं आहे.

माळ्यावर गेलेली सतरंजी

आमचं मुकुटबन झरी जामणी तालुक्यातलं, तेलंगणाच्या सीमेलगतचं गाव. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. आता सिमेंटचा कारखानाही आला. बोलण्यात मराठीसोबत तेलुगू सहज मिसळते आणि पोडांवर कोलामी ऐकू येते. अशा गावात तिशीतली मास्तरीण योगासनं करते, याचंच पूर्वी नवल होतं. वणीला झालेल्या एका शिबिरात मी आसनं शिकले, तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. त्यानंतर बाळंतपणं सोडली, तर सराव कधी मोडला नाही. दहा मिनिटं शीर्षासन, मग सर्वांगासन, हलासन. हलासनात पायाची बोटं डोक्यामागे जमिनीला टेकली की काहीतरी कमावल्यासारखं वाटायचं.

तीनेक वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधीची गोष्ट. हलासनातून बाहेर आले आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या. दोन दिवस वाट पाहिली, पण गेल्या नाहीत. वणीच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. मानेचे मणके झिजलेले निघाले, वर रक्तदाबही वाढलेला. त्यांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करताच म्हणाले, 'डोक्यावर उभं राहणं बंद. मानेवर भार येईल असं काहीही बंद.'

एसटीत बसून घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. आमचे हे म्हणाले, 'अगं, बाकीचं कर ना.' मला बाकीचं काही दिसतच नव्हतं. एवढ्या वर्षांचा अभ्यास गेला, आता खुर्चीवर बसून हात वरखाली करू का, असा राग आला. त्याच रात्री सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली.

आठ महिने ती तिथंच राहिली. या आठ महिन्यांत माझं वजन वाढलं, झोप तुटक झाली, सकाळी पाठ धरायला लागली. पण मी हट्टानं म्हणायची, 'डॉक्टरनंच बंद केलं, मी काय करू?'

दहा सेकंदं

मग पोळ्याच्या सुमारास आमच्या मोठ्या जाऊबाई न्हाणीघरात घसरल्या. वय सदुसष्ट. पडल्या त्या अगदी हळू, पण खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. ज्या बाईनं चार पोरं, सासू-सासरे, गडीमाणसं यांचं सगळं केलं, तिला कूस बदलायला दोघी लागायच्या. एकदा माझा हात धरून त्या म्हणाल्या, 'मरणाचं काही नाही माय. पण दुसऱ्याच्या हातानं पाणी प्यायची पाळी येऊ नये.'

तिथं त्यांचा व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी यायची. एक दिवस मी ऐटीत तिला सांगितलं, 'मी कितीतरी वर्षं योग केला आहे.' ती म्हणाली, 'छान! मग एका पायावर उभ्या राहून दाखवा काकू, दहा सेकंदं. कशाला धरायचं नाही.'

मी पाय उचलला आणि चौथ्या सेकंदाला पलंगाचा दांडा पकडला. दुसऱ्या पायावर पाच. जाऊबाई पडल्या पडल्या बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, तेच मला लागलं.

२०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ या वयाच्या सतराशेच्या वर माणसांना हेच करायला सांगितलं होतं, दहा सेकंदं एका पायावर. पाचातल्या साधारण एकाला ते जमलं नाही. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलं. म्हणजे एका पायावर उभं राहिलं की माणूस मरत नाही, असं नव्हे. तोल हा सगळ्या शरीराच्या तब्येतीचा आरसा आहे, इतकंच. त्या आरशात मी स्वतःला पाहिलं होतं.

माझं चुकलं कुठं, याचा विचार दवाखान्याच्या बाकावर बसून पुष्कळ केला. मी वर्षानुवर्षं मला जे सुरेख जमायचं तेच केलं. वृक्षासन सोपं म्हणून सोडून दिलं. आणि अवघड आसन गेलं, तेव्हा सगळा योगच गेला असं धरून बसले.

पुण्याचे गुरुजी आणि दोरी-खुर्ची

नागपूरच्या त्या मुक्कामात बी. के. एस. अय्यंगार यांच्याविषयी नव्यानं वाचलं. त्यांचं 'लाइट ऑन योगा' हे १९६६ साली निघालेलं पुस्तक जगभर गेलं. त्यातले फोटो पाहून आपण म्हणतो, हा माणूस रबराचा असणार. पण लहानपणी ते हिवताप, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी पार खंगलेले होते. १९३७ साली पुण्याला आले ते योग शिकवायला, आणि मग पुण्याचेच झाले.

मला जास्त भावली ती १९७९ सालची हकिकत. तेव्हा ते साठीचे होते. त्या वर्षी त्यांना स्कूटरचे अपघात झाले. खांदे, पाठीचा कणा, गुडघे, सगळ्यांना मार बसला. आयुष्यभर जी आसनं सहज केली, ती होईनात. त्यांनी काय केलं? सतरंजी माळ्यावर नाही टाकली. नवशिक्यासारखी पहिल्यापासून सुरुवात केली. भिंत, दोरी, पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, लोड यांचा आधार ते शिष्यांना द्यायचेच, तोच आधार त्यांनी स्वतः घेतला. त्यांच्याकडे खुर्ची ही हार मानल्याची खूण नव्हती. शरीराला आसनापर्यंत नेता येत नसेल, तर आसन शरीरापर्यंत आणायचं, असा तो सरळ हिशेब. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचा रोजचा सराव चालू होता. २०१४ साली ते गेले, तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते.

त्यांनी १९५८ साली बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांना आसनं शिकवली, तेव्हा त्या ऐंशी ओलांडलेल्या होत्या. म्हणजे सुरुवात करायलाही वय आडवं येत नाही. 'हठप्रदीपिका' हा तर शेकडो वर्षांपूर्वीचा ग्रंथ. तरुण, म्हातारा, अति म्हातारा, आजारी, दुबळा, कुणालाही अभ्यासानं साधतं, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. आणि पतंजलींनी आसनाबद्दल बोलताना स्थिरता आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या. पायाची बोटं कुठं टेकली, हे त्यांनी विचारलेलं नाही.

अय्यंगारांच्या कन्या गीताताईंची आठवण आपण बायांनी तर ठेवायलाच हवी. लहानपणी त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला होता; वडिलांनी शिकवलेल्या योगानं त्या सावरल्या. पुढं त्यांनी बायांसाठी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. मासिक पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचा काळ, या प्रत्येक वेळी सराव वेगळा असला पाहिजे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. आपण घरात उन्हाळ्यात एक स्वयंपाक करतो, पावसाळ्यात दुसरा. मग देहाचा ऋतू बदलल्यावर आसनं तीच का धरून बसायची?

आपल्या विदर्भातही ही परंपरा जुनी आहे. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ १९५१ पासून लोकांना विनामूल्य योग शिकवत आलं आहे. तेव्हा 'हे शहरातल्या पैसेवाल्यांचं खूळ' असं म्हणायची सोय नाही.

शरीरात बदलतं काय?

पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. बाहेरून काही कळत नाही. स्नायूंची ताकद घटते, गुडघ्यातली कूर्चा झिजते, तोल सांभाळायची चपळाई कमी होते. म्हणून तिशीत जे आसन औषध होतं, तेच साठीत अपाय करू शकतं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली हाडं ठिसूळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायांवर अभ्यास झाला. ज्या पुढं वाकण्याचे व्यायाम करत होत्या, त्यांच्यात पाठीचे मणके दबण्याचं प्रमाण खूप जास्त निघालं. ज्या पाठ हलकेच मागे नेणारे व्यायाम करत होत्या, त्यांच्यात ते बरंच कमी होतं. म्हणजे हाडं ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवायची जिद्द नको. हलासन तर नकोच.

शीर्षासनात डोळ्यांतला दाब दुपटीच्या आसपास वाढतो. काचबिंदू असेल तर ते धोक्याचं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असेल तर जोरजोरात कपालभाती करू नये, श्वास कोंडून धरू नये. गुडघे दुखत असतील तर वज्रासन, पद्मासनाचा आग्रह सोडावा. आणि ज्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, त्यांनी आसनातून एकदम उठू नये, भोवळ येते.

यात घाबरण्यासारखं काही नाही. स्वयंपाकात ज्याला जे चालत नाही ते आपण वगळतो आणि तरी ताट भरून वाढतो. इथंही तसंच.

घरातल्याच वस्तू

नागपूरहून परतल्यावर मी माळ्यावरून सतरंजी काढली, झटकली. वणीच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि या वेळी विचारलं, 'काय बंद ते सांगितलं, आता काय चालू ठेवू तेही सांगा.' तेव्हा त्यांनी मान वर केली आणि पंधरा मिनिटं नीट समजावलं. विचारलं की सांगतात, हा माझा अनुभव.

पुण्यासारखी साधनं आपल्याकडे कुठून येणार? पण घरात सगळं आहे. ठोकळ्याऐवजी पाट. पट्ट्याऐवजी जुन्या लुगड्याची पट्टी किंवा ओढणी. लोडाऐवजी गुंडाळलेली सतरंजी. भिंत तर फुकटच. फक्त खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, चार पायांवर घट्ट उभी राहणारी हवी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची सरकते, ती वापरू नका. आणि खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवा.

माझा आताचा सराव असा आहे:

पहिलं ताडासन. पाठ भिंतीजवळ, पाय थोडे अलग. टाचा हळू उचलायच्या, हळू टेकवायच्या, दहा वेळा.

मग वृक्षासन. एक हात खुर्चीच्या पाठीवर. दुसऱ्या पायाचा तळवा घोट्यापाशी टेकवायचा. मांडीपर्यंत नेण्याची गरज नाही आणि गुडघ्यावर तर दाबायचाच नाही. हळूहळू हाताऐवजी दोन बोटं, मग एक बोट.

तिसरं, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं आणि सावकाश बसणं, आठ ते दहा वेळा. हे आसनासारखं दिसत नाही, पण मांड्यांना बळ देतं. संडासातून, एसटीच्या सीटवरून, शेताच्या बांधावरून उठायला हेच कामी येतं.

चौथं, स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून मागे सरकत जायचं आणि पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं. पोळ्या झाल्यावर हे केलं की पाठ मोकळी होते.

पाचवं, पालथं झोपून कोपरांवर टेकून छोटं भुजंगासन, मग उताणं होऊन सेतुबंधासन, कंबर जमेल तेवढीच उचलायची.

आणि माझ्या लाडक्या सर्वांगासनाच्या जागी जमिनीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, पाच मिनिटं. मानेवर भार नाही, पायांना आराम पुरेपूर. शेवटी श्वास न कोंडता अनुलोम-विलोम, थोडी भ्रामरी आणि शवासन. शवासनातून उठताना कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं. ज्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही, त्यांनी हेच पलंगावर, खुर्चीवर करावं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सल्ल्यात पासष्टीपुढच्या लोकांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा असं म्हटलं आहे. माझी यादी त्यात बसते, याचं मला समाधान आहे.

रथसप्तमीची परीक्षा

विदर्भात शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे २१ जूनच्या योगदिनाला पोट्टे सुटीवरच असतात. आमच्याकडे खरी गर्दी रथसप्तमीच्या सूर्यनमस्कारांना. मागच्या खेपेला शाळेनं बोलावलं. 'मॅडम, मुलांना काहीतरी करून दाखवा.' त्यांना शीर्षासन अपेक्षित होतं, हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, 'एक खुर्ची द्या.'

मुलं कुजबुजली. एक शिक्षिका हळूच म्हणाल्या, 'बरं नाही का मॅडम?' खोटं कशाला बोलू, कान गरम झाले. 'उलट्या मॅडम' खुर्ची धरून उभ्या! पण मी हात वर करून, खुर्चीच्या बैठकीवर हात टेकून, पाय मागे नेत सावकाश बारा सूर्यनमस्कार घातले. मग मुलांना म्हटलं, 'आता सगळे एका पायावर. मोजा.' शंभर पोरांचा नुसता गोंधळ! कितीतरी जण दहाच्या आत कोसळले. मी बावीसपर्यंत उभी होते. नंतर चार-पाच मुली माझ्याभोवती जमल्या. एक म्हणाली, 'मॅडम, माझ्या आजीला हे खुर्चीवालं येईल. तिला शिकवाल?'

तिथून आमचा दुपारचा वर्ग सुरू झाला. तीन ते चार, जेवणं-भांडी उरकल्यावर. जेवणाला दोन-तीन तास झालेले असावेत एवढीच अट. सुरुवातीला तिघी, आता नऊ-दहा जणी येतात. एक तेलुगू बोलणारी आजी आहे, तिला आसनांची नावं येत नाहीत. ती वृक्षासनाला 'चेट्टू' म्हणते, म्हणजे झाड. आता आम्ही सगळ्याच 'चेट्टू' म्हणतो. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतो, मग पुन्हा भरतो. कुणाची कंबर धरली तर ती नुसती श्वासाचं करते. कुणी कुणाकडे बघून मोजत नाही. एकच नियम आहे: ताण चालेल, कळ नाही. कळ आली, मुंग्या आल्या, गरगरलं, श्वास अडला, की तिथंच थांबायचं आणि ते लपवायचं नाही.

लपवणं, हाच आपला खरा रोग. 'मला अजून होतं' हे दाखवण्यात मी मान घालवून बसले. आणि 'आता आपल्याकडून काय होणार' म्हणत जाऊबाईंनी आधी कधी पाय हलवला नाही. दोन्ही टोकं वाईटच. यांच्या मधली जागा शोधायला मला साठ वर्षं लागली. तुम्हाला लागू नयेत.

तेव्हा मैत्रिणींनो, आजच ओट्यापाशी उभ्या राहा, एक हात ओट्यावर ठेवा आणि एक पाय जरासा उचलून बघा. किती सेकंदं होतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्यानं पुन्हा बघा. काही दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि 'काय नको' सोबत 'काय हवं' हेही विचारा.

जाऊबाई आता वॉकर घेऊन अंगणात येतात. दुपारच्या वर्गात त्या खुर्चीवर बसूनच टाचा वरखाली करतात, सगळ्यांत मोठ्यानं आकडे मोजतात. त्या पुन्हा पहिल्यासारख्या चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर त्यांना तहान लागली. मी उठणार, तोच त्या म्हणाल्या, 'बस तू.' खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन त्या उभ्या राहिल्या, वॉकर ढकलत माठापाशी गेल्या आणि आपल्या हातानं पाणी घेऊन प्यायल्या.